अर्ज आणि बदली

देवळाली म्हटलं की नाशिककरांना तोफखाना आठवतो, कॅम्पातली जुनी बंगलेवजा घरं आठवतात. इंग्रजी वाचणाऱ्याला 'डूलॅली' हा शब्दही आठवतो, मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथे महिनोन् महिने पडून राहिलेल्या आणि डोक्यावर परिणाम झालेल्या गोऱ्या सोल्जरांनी तो इंग्रजीला दिला. पण 1941 च्या सुमारास याच देवळालीत काटेरी तारांच्या आत जर्मन माणसं ठेवलेली होती, ही गोष्ट फारशी कुणी काढत नाही. ते रणांगणावर पकडलेले युद्धकैदी नव्हते. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं त्या दिवशी जे जर्मन हिंदुस्थानात सापडले, ते सगळे एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. त्यात व्यापारी होते, तंत्रज्ञ होते, मिशनरी होते. हिटलरचे भक्त होते तसे हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यूही होते. पहिल्या धरपकडीत या दोघांत फरक केला गेला नाही, कारण यादी पासपोर्टावरून केलेली होती. या स्थानबद्धांपैकी अनेकांचा प्रवास आधी अहमदनगर, मग देवळाली आणि शेवटी देहरादून असा झाला.

हाइनरिख हारर हा त्यांच्यापैकी एक. मूळचा ऑस्ट्रियन, पण ऑस्ट्रिया मार्च 1938 मध्ये हिटलरने जर्मनीला जोडून घेतल्यामुळे कागदोपत्री जर्मन. 1938 च्या जुलैत त्याने तीन साथीदारांबरोबर आयगर पर्वताची उत्तर भिंत पहिल्यांदा सर केली आणि हिटलरबरोबर त्याचं छायाचित्र निघालं. पुढच्या वर्षी नंगा पर्वताची पाहणी करायला तो इकडे आला आणि परतीची बोट गाठण्याआधीच कराचीत पकडला गेला. देहरादूनच्या छावणीतून तो 1944 च्या एप्रिलमध्ये निसटला, चालत तिबेटात गेला, ल्हासात राहिला, तरुण दलाई लामांना शिकवू लागला. ही सगळी हकीकत त्याने 1952 साली पुस्तकात लिहिली आणि ते पुस्तक जगभर गेलं. ब्रॅड पिटचा सिनेमाही त्यावरच.

सिनेमा यायच्या तोंडावर, 1997 मध्ये, गेराल्ड लेनर या ऑस्ट्रियन पत्रकाराने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मायक्रोफिल्ममधून हाररची फाइल शोधून काढली. 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने ती गोष्ट छापली. 1 एप्रिल 1938 ला हारर एसएसमध्ये दाखल झाला होता, त्याला तिथे ओबरशारफ्यूररचा, म्हणजे साधारण सार्जंटचा, हुद्दा होता. एसएसमधल्या माणसाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे, नवरा-नवरी दोघांच्या वंशाचे दाखले जोडावे लागत. हाररने 1938 च्या डिसेंबरात लग्न केलं, त्यासाठी अर्ज केला, आणि त्या कागदांत लिहिलं की आपण 1933 पासूनच एसएचे, म्हणजे नाझींच्या तपकिरी सदऱ्यांच्या दलाचे, सभासद आहोत. 1933 मध्ये ऑस्ट्रियात नाझी पक्षावर बंदी होती. म्हणजे हे खरं असेल तर हा गडी वाऱ्याबरोबर वाहून गेलेला नव्हता, वारा सुटण्याआधीपासून तो तिकडेच तोंड करून उभा होता.

हाररचं उत्तर असं की ते खोटं होतं. परवानगी सुरळीत मिळावी म्हणून मारलेली बढाई होती. एसएसचा गणवेश आपण एकदाच घातला, लग्नात.

आपल्याकडे इतिहास वाचणाऱ्यांना बखर आणि दप्तर हा झगडा माहीत आहे. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींची चांगलीच झाडाझडती घेतली आणि त्या त्या काळात लिहिलेल्या अस्सल कागदाला वरचं स्थान दिलं. तेव्हापासून 'कागद दाखवा' हे आपल्याकडचं शेवटचं अस्त्र आहे. त्या हिशेबाने हाररचं पुस्तक ही बखर. पन्नाशीच्या दशकात, जगाला काय ऐकायचंय ते ओळखून लिहिलेली. आणि एसएसची फाइल हे दप्तर. पण या दप्तरातला कागद शंभर टक्के अस्सल आहे, त्याच काळातला आहे, ज्याचा आहे त्यानेच माहिती दिलेली आहे, आणि तोच माणूस साठ वर्षांनी म्हणतो आहे की मी त्यात खोटं लिहिलं. एक तर तो 1938 मध्ये खोटं बोलला किंवा 1997 मध्ये. अस्सल असणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोडी वाचणाऱ्या कुठल्याही अभ्यासकाला सांगावं लागणार नाही. जमिनीच्या खटल्यातले खोटे महजरही अस्सलच असतात.

मला मात्र त्या बढाईत एक वेगळी गोष्ट दिसते. ती बढाई आहे असं मानलं तरी ती कुणापुढे मारायची आणि कशाची, हे हाररने निवडलं होतं. माणूस खोटं बोलतो तेव्हाही आपल्याला काय मिळवायचंय ते सांगून जातो.

जर्मन सैनिकाचे कागद एरवी असं काही सांगत नाहीत. वेअरमाख्तच्या प्रत्येक सैनिकाजवळ सोल्डबुख नावाची पुस्तिका असे. शब्दाचा अर्थ पगारपुस्तक, पण आपल्या ओळखीच्या भाषेत ते सर्व्हिस बुक. ज्यांच्या घरात कुणी जिल्हा परिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात नोकरी केली असेल त्यांना ते पुस्तक कसं असतं हे सांगायची गरज नाही. सोल्डबुखात हुद्दा कधी बदलला, कुठल्या तुकडीतून कुठल्या तुकडीत गेला, कोणत्या लशी टोचल्या, कोणत्या इस्पितळात किती दिवस होता, बूट-कोट-बंदूक काय काय दिलं, रजा कधी मिळाली, मेला तर कुणाला कळवायचं, हे सगळं शिक्क्यांनिशी असे. ती पुस्तिका सैनिकाच्या खिशात. दुसरी, वेअरपास नावाची, तुकडीच्या कार्यालयात, आणि सैनिक मेला तर ती घरी पाठवायची. गळ्यात लंबगोल बिल्ला, मधोमध भोकांची रेघ पाडलेला. माणूस पडला की बिल्ला त्या रेघेवर मोडून अर्धा प्रेताबरोबर ठेवायचा, अर्धा वर पाठवायचा. असे बिल्ले, जखमा, मृत्यू, बेपत्ता यांची नोंद ठेवणारं कार्यालय 26 ऑगस्ट 1939 ला, म्हणजे पोलंडवर हल्ला व्हायच्या सहा दिवस आधी, उघडलं गेलं. सरकारला किती माणसं मरणार याचा अंदाज होता, म्हणून खातं आधी तयार. त्या कार्यालयात पुढे सुमारे 1 कोटी 80 लाख सैनिकांची कार्डं जमली. 2019 पासून ते जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचा भाग आहे आणि नातवंडं, पणतवंडं अजूनही तिथे अर्ज करतात.

त्यांच्या हाती काय येतं? तारखा आणि तुकड्यांचे आकडे. अमुक तारखेला अमुक रेजिमेंटात, मग ताप, मग इस्पितळ, मग भरती बटालियन, मग पूर्व आघाडी, मग रिकामं, मग रशियन कैद. आजोबांना खंदकात काय वाटत होतं हे त्यात नाही. आणि त्यांनी काय केलं हेही जवळजवळ नाहीच. कर्ता नसलेल्या क्रियापदांनी ते पान भरलेलं असतं: पाठवला, हलवला, दाखल केला, वर्ग केला. सगळ्या बदल्या. माणसाने स्वतः काही केलं असं वाक्यच नाही.

म्हणून अशा फायलीतून माणूस तोलायचा असेल तर बदल्या सोडून अर्ज शोधावा, असं मला वाटत आलेलं आहे. 1935 नंतर जर्मनीत लष्करभरती सक्तीची होती. बोलावणं आलं आणि गेला, एवढ्यावरून कुणाच्या अंतःकरणात शिरता येत नाही. पण पक्षाचं सभासदत्व मागितलं, एसएसमध्ये नाव नोंदवलं, बढतीसाठी वंशाचे दाखले गोळा केले, तिथे माणूस स्वतःच्या पायाने चालत गेलेला असतो. हाररची फाइल त्याला जड जाते ती याच कारणाने. ती अर्जांची फाइल आहे.

ही कसोटी आपल्या माणसांना लावून बघू. उत्तर आफ्रिकेत जर्मन-इटालियन फौजांच्या हाती सापडलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून सुभाषबाबूंनी जर्मनीत 'आझाद हिंद' फौज उभी केली, ती जर्मन दप्तरात 950 वी पायदळ रेजिमेंट. काही हजार माणसं. त्यांनी घेतलेल्या शपथेत हिटलरचं नाव जर्मन सैन्याचा प्रमुख म्हणून होतं आणि हिंदुस्थानच्या लढ्याचे नेते म्हणून सुभाषबाबूंचं. 1943 च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले, फौज युरोपातच राहिली. 1944 च्या ऑगस्टमध्ये ती रेजिमेंट सगळीच्या सगळी वाफेन-एसएसकडे वर्ग झाली. म्हणजे पंजाबातल्या किंवा दख्खनेतल्या कुणा शेतकऱ्याच्या मुलाच्या कागदावर आणि हाइनरिख हाररच्या कागदावर तीच दोन अक्षरं आली. एकाने ती मागून घेतली. दुसऱ्याच्या कपाळी ती वरच्या साहेबांनी मारली, तो तोवर फ्रान्समध्ये असेल आणि त्याला कदाचित बिल्ल्यातला फरकही फारसा उमगला नसेल. त्यांना एका मापात बसवणारा माणूस कागद वाचतच नाहीये, फक्त शिक्का बघतोय.

इथवर ठीक. पण ही कसोटी मला जितकी आवडते तितकीच ती मला अडचणीत आणते.

पहिली अडचण पोलंडमधल्या युझेफूफ गावाची. 13 जुलै 1942 ला हॅम्बुर्गच्या 101 व्या राखीव पोलिस बटालियनला तिथल्या ज्यूंना मारायचा हुकूम आला. सुमारे पाचशे माणसं, बरीचशी मध्यमवयीन, घरीदारी बायकापोरं असलेली. त्यांचा मेजर ट्राप सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला की वयस्क लोकांपैकी ज्याला हे जमणार नाही असं वाटतं त्याने पुढे यावं, त्याला दुसरं काम देऊ. सुरुवातीला डझनभर माणसं पुढे आली. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी त्या दिवशी बायका, मुलं, म्हातारे मिळून सुमारे दीड हजार जीव घेतले. क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने 1992 मध्ये हे पुस्तकात मांडलं ते 1960 च्या दशकात हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी घेतलेल्या जबान्यांवरून. नोकरीच्या कागदांत ती सकाळ कुठेच नाही. जे पुढे आले त्यांना शिक्षा झाली नाही, म्हणून शेरा नाही. जे मागे राहिले त्यांनी कामच केलं, म्हणून शेरा नाही. त्या बटालियनमधल्या एखाद्याच्या नातवाने कागद मागवले तर त्याला दोन्ही आजोबा सारखेच दिसतील. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय त्यांनी एक पाऊल टाकून किंवा न टाकून घेतला. ना अर्ज, ना बदली.

आणि अशी मोकळी जागा मिळाली की घरातले लोक ती भरतात. हाराल्ड वेल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस जर्मन कुटुंबांतल्या तीन पिढ्यांशी बोलून 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत नाझींचे गुन्हे नीट शिकलेली नातवंडं आपल्या आजीआजोबांच्या गोष्टी सांगताना त्यांना हळूहळू विरोधक, तारणहार करत जातात, हे त्यात दिसलं. आजोबांनी स्वतः न केलेला दावा नातू करतो. खोटेपणा यात नसावा. ज्याच्या मांडीवर बसून खाऊ खाल्ला त्याचे हात तसे नसणार, एवढाच तो विश्वास. आपल्याकडच्या घराण्यांच्या हकीकती आठवल्या तर हे जर्मनांचंच वैशिष्ट्य आहे असं कुणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या उलटही होतं, आणि ते कमी बोललं जातं: कुणीतरी एक पान शोधतो, त्यावर एक तुकडीचं नाव असतं, त्या तुकडीने कुठेतरी कत्तल केलेली असते, आणि आजोबा त्या महिन्यात इस्पितळात होते की नाही हे न बघताच खुनी ठरतात. सोल्डबुखातलं इस्पितळाचं पान अशा वेळी वाचावंच लागतं. कंटाळवाणं असतं, पण एखाद्याची निर्दोषता हगवणीच्या नोंदीत असू शकते.

दुसरी अडचण नशिबाची. टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने 1970 च्या दशकात एक उदाहरण दिलं होतं. छळछावणीचा अधिकारी झालेला कुणी माणूस, नाझी सत्तेवर आले नसते तर, साधं निरुपद्रवी आयुष्य जगला असता. आणि अर्जेंटिनात साधं आयुष्य जगलेला कुणी, धंद्यासाठी 1930 मध्ये जर्मनी सोडली नसती तर, तसाच अधिकारी झाला असता. दोघांचा पिंड सारखा, तरी आपण एकाला दोष देतो आणि दुसऱ्याला देऊ शकत नाही. हाररच्या बाबतीत अर्जेंटिनाच्या जागी अहमदनगर, देवळाली आणि देहरादून लिहा. एसएसमध्ये नाव नोंदवलेला, दणकट, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बर्फातल्या डोंगरांत वावरलेला हा माणूस 1939 च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत असता तर त्याची पुढची बदली कुठे झाली असती? पोलंडला? युगोस्लाव्हियाच्या डोंगरांत? त्याने तिथे काय केलं असतं? ते कुणालाच सांगता येणार नाही, त्यालाही आलं नसतं. इंग्रजांनी त्याला तारांमागे टाकलं आणि त्या तारांनी त्याची फाइल 1939 ला थांबवली. कराचीच्या बोटीला उशीर झाला नसता तर आज कदाचित आपण एखादं वेगळं पुस्तक वाचत असतो, किंवा एखादा खटला. ज्या छावणीतून पळायला तो धडपडला तिचे त्याच्यावर केवढे उपकार होते!

मग त्याला दोष द्यायचा तो कशाचा? एसएसमध्ये काही केल्याचा देता येत नाही, त्याच्या हातून तिथे काही घडल्याचं फाइल दाखवत नाही. नाव नोंदवल्याचा देता येतो. आणि माझ्या मते त्याहून जास्त, 1952 पासून 1997 पर्यंत गप्प राहिल्याचा देता येतो. तरुण वयातला अर्ज मोहाने, भीतीने, महत्त्वाकांक्षेने होतो. पंचेचाळीस वर्षं मौन पाळायला मात्र रोज सकाळी उठून नव्याने ठरवावं लागतं, आणि तेव्हा त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती.

कागदांचं स्वतःचं नशीबही बघा. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियन सैन्याचं दप्तर पॉट्सडॅमला होतं, ते 1945 च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरियाचं म्युनिकमध्ये होतं, ते राहिलं. त्यामुळे 1914 चा बव्हेरियन शिपाई आज सापडतो, त्याच्या शेजारच्या खंदकातला प्रशियन बहुधा सापडत नाही. नाझी पक्षाच्या सभासदांची कार्डं, एक कोटीहून जास्त, युद्धाच्या शेवटी लगदा करायला म्युनिकमधल्या फ्रायमानच्या कागद गिरणीत पाठवली गेली होती. गिरणीच्या मालकाने ती रद्दीच्या ढिगाखाली दडवून ठेवली आणि पुढे अमेरिकनांच्या हवाली झाली. त्याने हुकूम पाळला असता तर कित्येक लाख माणसांनी सुखाने सांगितलं असतं की आम्ही कधी पक्षात नव्हतोच. देवळालीहून अगदी हाकेच्या अंतरावर, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, देशाचे पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर छापले जातात. या गावाला तरी कागदाची ताकद कुणी समजावून द्यायला नको.

तिसरी अडचण सगळ्यात जवळची आहे. 10 जुलै 1944, इटली, वरच्या टायबर नदीचं खोरं. तिसऱ्या बटालियनचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय 22. जवळून मशीनगनचा मारा होऊन त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने एकाला मारलं, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग त्यांना आडून गोळ्या लागल्या आणि ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात हे सगळं आहे. 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांचं स्मारक झालं, माणगावला पुतळा आहे.

त्या चौघांची नावं प्रशस्तिपत्रात नाहीत, असण्याचं कारणही नाही. पण त्यांचीही सोल्डबुखं होती, अर्धे बिल्ले होते, घरी जाणारे वेअरपास होते. त्यांच्यापैकी कुणाचा नातू आज कागद मागवेल तर त्याला दिसेल: 10 जुलै 1944, इटली, धारातीर्थी. त्याआधी सगळ्या बदल्या. 1944 मधले ते चौघे बहुधा सक्तीने भरती झालेले, बोलावणं आलं म्हणून गेलेले. आणि आमचे घाडगे? ब्रिटिश हिंदी सैन्यात सक्ती नव्हती. पंचवीस लाखांची ती फौज स्वेच्छेची होती, म्हणजे भरतीच्या मैदानात उभं राहून छाती मोजून घेणारा प्रत्येक जण माझ्या मापाने अर्जदार. तोही कुणाच्या सैन्यात? ज्या सरकारने गांधींना नुकतं सोडलेलं होतं आणि नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडलेलं होतं, त्या सरकारच्या.

कोकणातल्या मुलाने सैन्यात नाव का घातलं हे विचारायला कुणी अभिलेखागारात जात नाही. भातशेती पोटाला पुरत नाही, मुंबईची गिरणी किंवा पलटण, आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमन घेऊन येणारी मनीऑर्डर, हे गावातल्या कुणालाही ठाऊक असतं. तो अर्ज होता हे खरंच आहे. त्या अर्जात हाररच्या अर्जासारखं काय होतं आणि काय नव्हतं, हे त्या चौघांपैकी एखाद्याच्या नातवाने माणगावात येऊन विचारलं, तर त्याच्यापुढे आपण कुठला कागद ठेवणार?